समुद्राच्या पाण्यातील लेशमूलद्रव्ये : आकडा खरा केव्हा मानावा?

समुद्राचे पाणी खारट का, या प्रश्नाचे उत्तर प्राथमिक शाळेतील मुलेही देतात : त्यात मीठ विरघळलेले असते म्हणून. माध्यमिक शाळेत आपण थोडे पुढे जातो. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक भाग क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम या सहा आयनांचा असतो, असे आपण सांगतो. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून वेगवेगळ्या महासागरांतून, वेगवेगळ्या खोलींवरून पाणी गोळा केले होते. त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. क्षारांचे एकूण प्रमाण ठिकाणानुसार थोडेफार बदलते. पण या प्रमुख आयनांचे एकमेकांशी असलेले गुणोत्तर जवळजवळ कायम राहते, असे त्यांना आढळले. समुद्राच्या रसायनशास्त्राचा हा पाया आजही पक्का आहे.

पण हा हिशेब झाला ९९ टक्क्यांचा. उरलेल्या किंचित भागात निसर्गात आढळणारी बहुतेक सगळी मूलद्रव्ये येतात : लोह, जस्त, तांबे, मँगॅनीज, कॅडमियम, शिसे, अगदी सोनेसुद्धा. त्यांना आपण लेशमूलद्रव्ये म्हणू. लेश म्हणजे अगदी नावापुरते. प्रमुख आयनांचा कायम गुणोत्तराचा नियम त्यांना लागू पडत नाही. एकाच ठिकाणी पृष्ठभागावर आणि हजार मीटर खोलीवर जस्ताच्या प्रमाणात शंभर पटींचा फरक असू शकतो.

डिटमार यांच्यानंतर या मूलद्रव्यांचे विश्वासार्ह आकडे हाती यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. पुरेशी संवेदनक्षम उपकरणे नव्हती, हे त्याचे एक कारण; पण ते एकमेव नव्हे. उपकरणे आली, आकडे मिळू लागले, ते संशोधनपत्रिकांत आणि पुस्तकांत छापलेही गेले. तरीही साधारण १९७५ पूर्वीचे लोह, जस्त, शिसे यांचे बहुतेक आकडे आज आम्ही सागर-रसायनाचे अभ्यासक वापरत नाही. कारण त्या आकड्यांत समुद्रापेक्षा जहाज, दोरखंड, बाटली आणि प्रयोगशाळेतील धूळ यांचेच मोजमाप अधिक झाले होते. मोजलेला आकडा आणि खरा आकडा यांत एवढे अंतर का पडते आणि ते कसे मिटवता येते, हे या लेखात पाहू.

लेश म्हणजे किती?

या मोजमापात नॅनोग्रॅम हे एकक सोयीचे पडते. एका मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. उत्तर पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी पृष्ठभागावरच्या एक किलोग्रॅम पाण्यात विरघळलेले लोह सुमारे ५ नॅनोग्रॅम असते. हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून वर्गात करता येईल असा एक हिशेब देतो. एका टाचणीचे वजन ०.१ ग्रॅम धरा, म्हणजे १० कोटी नॅनोग्रॅम. किलोग्रॅममागे ५ नॅनोग्रॅम या दराने एवढे लोह मिळवायला २ कोटी किलोग्रॅम, म्हणजे २०,००० टन पाणी लागेल. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर असे दोन हजार टँकर भरतील आणि त्या सगळ्यांत मिळून लोह असेल एका टाचणीएवढे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. केसाच्या जाडीएवढा, म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे ०.०६ मिलिमीटर असलेला गंजाचा एक कण घ्या. त्याचे वजन साधारण एक मायक्रोग्रॅम भरेल आणि त्यात ६०० नॅनोग्रॅमच्या आसपास लोह असेल. हा कण एक लिटरच्या नमुन्यात पडला आणि विरघळला, तर त्या पाण्यातले लोह शंभर पटींहून अधिक वाढेल. आणि नमुना घ्यायला आपण जातो ते कशातून? हजारो टन पोलाद वापरून बांधलेल्या जहाजातून! जहाजाच्या तळाशी गंज रोखण्यासाठी जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा अंश असलेला रंग दिलेला असतो, पाण्यात बाटल्या सोडण्याची तार पोलादी असते आणि तिला वंगण लावलेले असते. जे मोजायचे, नेमके तेच चारी बाजूंनी गळत असते.

सोने शोधायला गेलेले हाबर

अशुद्धीमुळे आकडा कसा फुगतो, याचा एक जुना दाखला प्रसिद्ध आहे. अमोनियाच्या संश्लेषणाबद्दल १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी पहिल्या महायुद्धानंतर समुद्रातून सोने काढण्याचा बेत आखला होता. युद्धाची प्रचंड नुकसानभरपाई जर्मनीला द्यायची होती, आणि तोवर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार समुद्राच्या दर टनात काही मिलिग्रॅम सोने होते. हाबर यांनी स्वतः काळजीपूर्वक मोजमापे केली, तेव्हा सोने त्या आकड्यांच्या मानाने शेकडो पटींनी कमी निघाले आणि बेत सोडून द्यावा लागला. आजच्या मोजमापांप्रमाणे तर खुल्या समुद्रात एक ग्रॅम सोन्यासाठी सुमारे दहा कोटी टन पाणी लागेल. पाणी तेच राहिले. मोजणाऱ्यांची स्वच्छता वाढत गेली तसा आकडा खाली येत गेला. लेशमूलद्रव्यांच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडले आहे.

शिशाने शिकवलेला धडा

या क्षेत्राला स्वच्छतेची शिस्त लावण्याचे मोठे श्रेय अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांच्याकडे जाते. उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे त्यांनी १९५६ मध्ये दाखवले. हे काम करताना त्यांना मोठी अडचण आली ती बाहेरून येणाऱ्या शिशाची. हवेतील धूळ, रसायने, काचेची भांडी, माणसाचे केस आणि कातडी, सगळ्यांतून नमुन्यात शिसे येत होते. म्हणून त्यांनी गाळलेल्या हवेची, धुळीला मज्जाव असलेली प्रयोगशाळा उभारली आणि आम्ले व पाणी स्वतः शुद्ध करून वापरायला सुरुवात केली.

मग त्यांनी हीच शिस्त समुद्राला लावली. बेला शॉले आणि पॅटरसन यांनी १९८१ मध्ये ईशान्य पॅसिफिकमधील शिशाचे खोलीनुसार आकडे प्रसिद्ध केले. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शिसे खोल पाण्याच्या सुमारे दहापट होते. हे शिसे वरून, म्हणजे हवेतून येत होते, आणि त्याचा मोठा भाग मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाच्या संयुगांचा होता. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या पाण्यावर आपल्या रस्त्यांची खूण उमटली होती. मात्र अस्वच्छ नमुन्यांमध्ये ती दिसलीच नसती. वरच्या आणि खालच्या दोन्ही पाण्यांत बाटलीतलेच शिसे दिसले असते.

पाणी वर कसे आणतात?

खोल पाण्याचा नमुना घेण्याचे तत्त्व सोपे आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेली नळीसारखी बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची आणि तेथे तिची झाकणे बंद करायची. लेशमूलद्रव्यांसाठी यात बरेच बदल करावे लागतात. बाटली धातूची चालत नाही. ती प्लॅस्टिकची असते आणि आतून तिला टेफ्लॉनचा लेप देतात. झाकणे ओढणारी स्प्रिंग बाटलीच्या आत न ठेवता बाहेर बसवतात. पोलादी तारेऐवजी केवलार या कृत्रिम धाग्याचा दोर वापरतात. समुद्राच्या अगदी वरच्या थरावर जहाजातून गळालेले तेल आणि गंजाचे कण तरंगत असतात. म्हणून काही बाटल्या बंद स्थितीतच पाण्यात शिरतात आणि सुमारे दहा मीटर खोलीवर गेल्यावर पाण्याच्या दाबाने उघडतात.

वर आल्यावर बाटल्या तडक डेकवरील एका स्वच्छ खोलीत नेतात. या खोलीतील हवा सूक्ष्म गाळण्यांमधून येते आणि तिचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. तेथे पाणी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. गाळणीतून खाली येते ते 'विरघळलेले' असे मानण्याचा संकेत आहे. मग अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून पाण्याचा सामू २ च्या खाली आणतात. असे न केल्यास काही दिवसांत धातूंचे आयन बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतात आणि नमुन्यातून नाहीसे होतात. म्हणजे आकडा अशुद्धीने वाढू शकतो, तसा हलगर्जीपणाने कमीही होऊ शकतो.

नमुना साठवण्याच्या पॉलिथिनच्या बाटल्यांची तयारी सफरीच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रथम साबणाच्या पाण्यात, मग आम्लात अनेक दिवस भिजवणे, शुद्ध पाण्याने पुनःपुन्हा धुणे, आणि शेवटी एकावर एक अशा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधणे. या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागते. पण सफर यशस्वी होणार की नाही, हे पुष्कळदा जहाज बंदर सोडण्यापूर्वी धुण्याच्या टबातच ठरलेले असते.

मिठाच्या डोंगरातून लोह वेचणे

नमुना स्वच्छ मिळाला तरी मोजणे सोपे नसते. एक किलोग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार आणि ५ नॅनोग्रॅम लोह, म्हणजे लोहाच्या एका भागामागे क्षारांचे सातशे कोटी भाग! हे पाणी सरळ उपकरणात घातले तर मिठाच्या गर्दीत लोह दिसणारच नाही. म्हणून पाणी एका खास रेझीनवरून सोडतात. त्या रेझीनवरील रासायनिक गट लोह, जस्त, तांबे यांसारख्या धातूंच्या आयनांना चिमट्यासारखे धरतात. सोडियम आणि क्लोराइड मात्र वाहून जातात. नंतर थोड्याशा विरल नायट्रिक आम्लाने धातू सोडवून घेतात. मीठ गेले आणि धातू कमी द्रवात गोळा झाले, अशी दोन्ही कामे त्यात साधतात.

हा द्रव मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. काही हजार अंश तापमानाच्या आरगॉनच्या प्लाझ्मात अणूंचे आयन होतात आणि ते वस्तुमानानुसार वेगळे करून मोजले जातात. येथेही एक फसगत संभवते. निसर्गातील लोहापैकी सुमारे ९२ टक्के अणू ५६ वस्तुमानांकाचे असतात. आता आरगॉनचा वस्तुमानांक ४० आणि ऑक्सिजनचा १६. प्लाझ्मात या दोघांचा एक जोड-आयन तयार होतो आणि त्याची बेरीज होते ५६! उपकरण पुरेसे बारकाईने वेगळे करणारे नसेल, तर लोह म्हणून तो आरगॉन आणि ऑक्सिजनच मोजेल.

रेझीनवरून सगळे लोह परत मिळाले की थोडे अडकून राहिले, हे कसे कळणार? यासाठी एक युक्ती आहे. निसर्गात ५७ वस्तुमानांकाचे लोह सुमारे २ टक्केच असते. बहुतांशी त्याच समस्थानिकाचे बनलेले लोह विकत मिळते. त्याची नेमकी माहीत असलेली मात्रा सुरुवातीलाच नमुन्यात मिसळतात आणि शेवटी फक्त ५६ व ५७ यांचे गुणोत्तर मोजतात. वाटेत निम्मे लोह सांडले तरी दोन्ही सारख्याच प्रमाणात सांडते. गुणोत्तर तेच राहते. या पद्धतीला समस्थानिक विरलन म्हणतात. मात्र लक्षात ठेवावे, की ती हरवलेल्या लोहाची भरपाई करते. बाहेरून आलेले लोह तिला ओळखता येत नाही.

ते काम 'कोऱ्या नमुन्या'चे. समुद्राचे पाणी न घेता केवळ शुद्ध पाणी आणि आम्ले घेऊन तीच सगळी कृती, त्याच भांड्यांत, त्याच हातांनी करायची. त्यात जे लोह सापडेल ते आपण स्वतः घातलेले. कोऱ्या नमुन्यातच ५ नॅनोग्रॅम लोह निघाले, तर समुद्राच्या ५ नॅनोग्रॅमबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. एखादा संशोधननिबंध हाती आला की आम्ही त्यात प्रथम कोऱ्या नमुन्याचा आकडा शोधतो, तो याच कारणाने.

दोन खोलींवरचे पाणी

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. उत्तर पॅसिफिकमध्ये ३० अंश उत्तर अक्षांश व १४० अंश पश्चिम रेखांशाजवळ २००४ मध्ये पृष्ठभागावरचे आणि १००० मीटर खोलीवरचे पाणी मोठ्या प्रमाणावर काढण्यात आले. ते टाकीत मिसळून शेकडो बाटल्यांत भरले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवले. त्या सर्वांच्या मोजमापांतून सर्वमान्य झालेले आकडे, नॅनोग्रॅम प्रति किलोग्रॅम या एककात, साधारण असे आहेत :

लोह – पृष्ठभागावर ५, १००० मीटरवर ५२
जस्त – पृष्ठभागावर ४.५, १००० मीटरवर ४८६
कॅडमियम – पृष्ठभागावर ०.१, १००० मीटरवर ११०
मँगॅनीज – पृष्ठभागावर ४३, १००० मीटरवर १९
शिसे – पृष्ठभागावर १०, १००० मीटरवर ६

पहिली तीन मूलद्रव्ये खाली जाताना वाढतात, शेवटची दोन घटतात. असे का व्हावे?

समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात वनस्पतिप्लवक वाढतात. हे सूक्ष्म एकपेशीय जीव आपल्या वाढीसाठी नायट्रेट आणि फॉस्फेट घेतात, तसेच लोह आणि जस्तही घेतात. त्यामुळे वरचे पाणी या द्रव्यांपासून जवळजवळ रिते होते. प्लवक मेले किंवा खाल्ले गेले की त्यांचे अवशेष व विष्ठा खाली बुडू लागतात. वाटेत जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि घेतलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. पण आता हजार मीटर खाली. शेतातील पीक कापून दुसऱ्या गावी नेऊन खत करावे, तसा हा प्रकार आहे.

शिशाची गोष्ट उलटी. ते वरून, हवेतून येते आणि कणांना चिकटून हळूहळू पाण्यातून काढले जाते. म्हणून ते वर जास्त आणि खाली कमी. मँगॅनीजही धूळ आणि नद्यांमधून वरच्या पाण्यात येते. सूर्यप्रकाशामुळे ते तेथे विरघळलेले राहायला मदत होते. खाली मात्र त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते कणरूपाने निघून जाते.

आपल्या अरबी समुद्रात याला आणखी एक पैलू आहे. तेथे साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. ऑक्सिजनयुक्त पाण्यात लोह फेरिक रूपात असते आणि ते फार थोडे विरघळते. ऑक्सिजनच्या अभावी त्याचे फेरस रूप टिकू शकते आणि ते अधिक विरघळते. मँगॅनीजचेही तसेच. त्यामुळे या थरात दोन्ही धातूंचे विरघळलेले प्रमाण वाढलेले आढळते. दहावीच्या पुस्तकातील ऑक्सिडीकरण आणि क्षपण येथे अख्ख्या समुद्राच्या प्रमाणावर चालू असते.

आकडा खरा आहे हे कशावरून?

समजा, स्वच्छता पाळली, कोरा नमुना तपासला, तरी मिळालेला आकडा खरा कशावरून? समुद्रातील खऱ्या प्रमाणाची उत्तरे कोणत्याही पुस्तकाच्या मागे छापलेली नसतात. एडवर्ड बॉइल आणि जॉन एडमंड यांनी १९७५ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील पाण्यातील तांब्याची मोजमापे प्रसिद्ध करताना एक कसोटी मांडली. समुद्र ही सलग, हळूहळू मिसळणारी वस्तू आहे. म्हणून खोलीनुसार काढलेला आलेख नितळ असला पाहिजे. तो करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत असेल तर दोष नमुन्यात आहे. दुसरे म्हणजे, हा आलेख तापमान, क्षारता, फॉस्फेट यांसारख्या आधीच माहीत असलेल्या गोष्टींशी सुसंगत असला पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पॅसिफिकमधील कॅडमियमचे प्रमाण फॉस्फेटबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढते. त्यानंतर केनेथ ब्रुलंड यांनी जस्ताची वाटणी सिलिकेटसारखी असल्याचे दाखवले. गंजाचा कण किंवा बाटलीतील मळ फॉस्फेटचा आलेख पाहून नमुन्यात पडत नाही. त्यामुळे असा मेळ बसला, की आपण खरोखर समुद्र मोजत आहोत याची खात्री पटते.

तिसरी कसोटी म्हणजे एकच पाणी अनेकांनी मोजणे. वर दिलेले २००४ चे नमुने त्यासाठीच होते. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'जिओट्रेसेस' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात हा नियमच झाला : आपले आकडे इतरांशी जुळतात हे दाखवल्याशिवाय ते सामायिक नोंदींत घेतले जात नाहीत. या कार्यक्रमात भारतीय शास्त्रज्ञही सहभागी आहेत. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागरातील मोजमापांत अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आघाडीवर राहिली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

किलोग्रॅममागे पाच नॅनोग्रॅम की पाचशे, याने कोणाचे काय बिघडते, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना लोहाची गोष्ट सांगावी.

अंटार्क्टिकाभोवतालचा समुद्र, विषुववृत्तीय पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकचा उत्तरेकडील भाग येथे एक जुने कोडे होते. तेथे पृष्ठभागावर नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर आहे, तरीही वनस्पतिप्लवक कमी. खत आहे, पण पीक नाही. लोहाची कमतरता हे कारण असेल, अशी शंका नॉर्वेचे शास्त्रज्ञ ग्रान यांनी १९३१ मध्येच मांडली होती. पण ती तपासणार कशी? लोह घातलेली बाटली आणि न घातलेली बाटली यांची तुलना करायची, तर 'न घातलेल्या' बाटलीतही अशुद्धीचे लोह भरपूर असायचे. दोन्हींत प्लवक वाढायचे आणि प्रयोगातून काहीच निष्पन्न व्हायचे नाही.

कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग सागरी प्रयोगशाळेच्या जॉन मार्टिन यांनी स्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा लोहाचे खरे, अत्यल्प प्रमाण प्रथम कळले. १९८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वच्छ बाटल्यांतील प्रयोगांनी दाखवले, की ईशान्य पॅसिफिकच्या पाण्यात अगदी थोडे लोह घातले तर प्लवक जोमाने वाढतात. खुल्या समुद्रातील प्रयोग ऑक्टोबर १९९३ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ झाला. तो पाहायला मार्टिन नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले होते. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात तर निळे पाणी उघड उघड हिरवे झाले.

प्लवक कार्बन डायऑक्साइड घेतात. मग समुद्रात लोह टाकून हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी करता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. तो तपासणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रयोगात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. २००९ च्या आरंभी भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर लोह मिसळले. मोहिमेचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातील 'लोह' आपलेच. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका अपुरी असल्याने कवचधारी डायाटम वाढू शकले नाहीत. जे लहान प्लवक वाढले, ते प्राणिप्लवकांनी फस्त केले आणि खोल समुद्रात फारच थोडा कार्बन गेला. एकच पोषकद्रव्य वाढवून समुद्राला आपल्या मर्जीप्रमाणे वागवता येत नाही, हे त्यातून दिसले. असे निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचे, ते शंभर पटींनी चुकलेले असून कसे चालेल?

शिशाचेही तसेच. बर्म्युडाजवळच्या पाण्यात वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापांत, अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल बंद होत गेले तसे पृष्ठभागावरील शिसे निम्म्याहून कितीतरी खाली आलेले दिसते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. २००९-१० मध्ये केलेल्या मोजमापांत हिंदी महासागराच्या उत्तर भागात शिसे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होत गेलेले आढळले. समुद्र आपल्या चुकांची नोंद ठेवतो, तशी सुधारणेचीही ठेवतो. ती वाचायला हात स्वच्छ हवेत, इतकेच.

वर्गात करण्याजोगे

कोऱ्या नमुन्याचे महत्त्व दाखवणारा प्रयोग शाळेत सहज होतो. दोन स्वच्छ परीक्षानळ्यांत सारखे ऊर्ध्वपातित पाणी घ्या. एका नळीतील पाण्यात विद्यार्थ्याने घामेजलेले बोट क्षणभर बुडवून काढावे. मग दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणाचे दोन-दोन थेंब टाका. बोट लागलेल्या नळीतील पाणी घामातील क्लोराइडमुळे गढूळ होईल. (सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवर व कपड्यांवर राहतात, ते शिक्षकांनीच टाकावे.) न बुडवलेली नळीही गढूळ झाली, तर नळी नीट धुतली गेली नव्हती. हा निकालही फुकट गेला असे समजू नका; त्यावरच चर्चा घ्या.

समस्थानिक विरलन समजावायला चिंचोके पुरेत. एका डब्यात न मोजता चिंचोके भरा. चुन्याची खूण केलेले १०० चिंचोके त्यात मिसळा आणि डबा नीट हलवा. आता मूठभर काढून मोजा. समजा त्यांत ४८ साधे आणि १२ खुणेचे निघाले. म्हणजे एका खुणेच्या चिंचोक्यामागे ४ साधे. तेव्हा मुळात साधे चिंचोके सुमारे ४०० असावेत. आता निम्मा डबा ओतून टाका आणि उरलेल्यातून पुन्हा मूठभर काढून मोजा. उत्तर जवळपास तेच येईल. शेवटी डब्यात गुपचूप पन्नास साधे चिंचोके टाका आणि मुलांना पुन्हा मोजायला सांगा. उत्तर वाढेल, पण ते का वाढले, हे मोजणीतून कळणार नाही.

प्रयोगवहीत मुले आकडा लिहितात, पुस्तकातील उत्तराशी जुळला की खूण करतात आणि पुढे जातात. जेथे पुस्तकात उत्तर नसते, तेथे आकड्याला तीन प्रश्न विचारावे लागतात : काहीच घेतले नसते तर किती आले असते, शेजारच्या आकड्यांशी हा जुळतो का, आणि दुसऱ्याने मोजले तर तेच येते का. समुद्राच्या पाण्यासाठी हे तीन प्रश्न नीट विचारायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. आपल्या विद्यार्थ्यांना ते शाळेतच विचारायला शिकवता येतील.